मॅडमचा तलाव

२०२५ च्या मे महिन्यातली २७ तारीख. सकाळी साडेसहाला फोन वाजला आणि पलीकडून आवाज आला, "ताई, तुमचा तलाव सांडला."

पारनेर तालुक्यात मे महिन्यात तलाव सांडत नाहीत. मे महिन्यात तिथे टँकरच्या खेपा मोजतात, कडब्याचा भाव विचारतात, आणि लग्नाच्या पंक्तीत पाणी वाढणारा पोरगा हात जरा आखडूनच वाढतो. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याने फोन सांडव्याकडे धरला आणि मी अंथरुणात बसून तो भदाभदा आवाज ऐकला. त्या वर्षी मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला होता. नोंदी ठेवायला लागल्यापासून मुंबईत तो इतक्या लवकर कधी आलेला नव्हता. रोहिणी लागून दोनच दिवस झालेले, मृगाला अजून बारा दिवस. नांगरून टाकलेली ढेकळं तापत पडलेली आणि त्यांच्यावर हा असा पाऊस.

"तुमचा तलाव" हे त्याने कौतुकाने म्हटलं नव्हतं, नुसती ओळख सांगितली होती. गावात त्या तलावाला 'मॅडमचा तलाव' म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा ती शिवी होती.

पाण्याच्या कामात माझी छत्तीस वर्षं गेली. भूशास्त्रात एमएस्सी करून १९८८ साली एका संस्थेत लागले ती तिथूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कुणीतरी यादी वाचून दाखवली: इतके माती नालाबांध, इतके हेक्टर सलग समतल चर, इतके पाझर तलाव, इतकी गावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या यादीत हाही तलाव एक आकडा होऊन बसला होता. फसलेलं काम एकूण बेरजेतून वजा करायची पद्धत आमच्याकडे नाही.

जागा मीच निवडली होती. १९९५ चा हिवाळा. नाल्याचं खोरं रुंद, दोन्ही बाजूंना टेकड्या, तळाला भुसभुशीत मुरूम आणि खाली सहाशे-सातशे मीटरवर गावच्या अकरा विहिरी. पाझर तलावाची जागा पुस्तकात दाखवतात तशी. तलावात पाणी साठेल, मुरमातून झिरपेल, हळूहळू खाली सरकेल आणि जानेवारीत आटणाऱ्या विहिरींना एप्रिलपर्यंत पुरेल. नकाशा पसरून मी हे सगळं ग्रामसभेत बोटाने दाखवलं, आणि ते मला स्वतःलाच फार पटलं.

नाल्याच्या काठाने एक धनगर बाबा मेंढरं घेऊन चालले होते. नाल्याला आडवी अशी काळ्या दगडांची एक रांग होती, कुणी रचून ठेवल्यासारखी, अर्धी मातीत बुडालेली. तिच्याकडे काठी करून ते म्हणाले, "बाई, ह्या रांगेच्या वरल्या अंगाला पाणी ऱ्हातं. खालच्या अंगाला उतरत न्हाई. आमी मेंढरं वरच पाजतो." मी मान डोलावली आणि वहीत टिपलं: 'स्थानिक माहिती – गुरांना पाणी वरच्या बाजूस.' ती वही अजून आहे माझ्याकडे. बाबांनी भूशास्त्र सांगितलं होतं, मी टिपला गुरांचा पाणवठा.

ती रांग म्हणजे डाईकचं डोकं होतं. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांतून वर आला. काही ठिकाणी तो भेगेतच थिजला आणि उभ्या भिंतीसारखा राहून गेला. या भिंती काही मीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर लांब असू शकतात. जमिनीवर त्यांची नुसती दगडांची रांग दिसते, खाली मात्र ती पाण्याची वाट अडवून उभी असते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत त्यावर चांगले मार्क मिळवले होते. पण मार्चअखेर जवळ आली होती, निधी परत जाणार होता, आणि जागा इतकी देखणी होती की तिच्यात खोट काढायची मला इच्छाच झाली नाही.

गावाने श्रमदान केलं. पहिल्याच पावसाळ्यात तलाव भरला, पूजा झाली, नारळ फुटले. जानेवारीत विहिरी नेहमीसारख्या आटल्या. दुसऱ्या वर्षीही तसंच. तलावात मात्र पाणी होळीपर्यंत, कधी कधी थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत दिसायचं. पाझर तलावात पाणी दिसत राहिलं की पाहुणे खूश होतात. माझ्या पोटात मात्र गोळा यायचा, कारण ते दिसत होतं म्हणजे झिरपत नव्हतं. जे थोडंफार झिरपलं ते भिंतीला अडून कडेकडेने शेजारच्या गावाच्या हद्दीत गेलं. तिथल्या दोन विहिरी मे महिन्यातही उपसायला पुरू लागल्या. त्या विहिरींच्या दोन्ही मालकांनी एक पाटीही उचलली नव्हती. त्यांतला एकजण पुढे मला एसटी स्टँडवर भेटला आणि त्याने आग्रहाने चहा पाजला. तो चहा माझ्या घशाखाली कसा उतरला ते मलाच ठाऊक.

तेव्हापासून मी मोजायला लागले. तोवर मी बांधत होते.

विहीर मोजायचं आमचं साधन अगदी साधं. लांब टेप, आणि टोकाला पितळेचं पेल्याएवढं भांडं, तोंड खाली करून बांधलेलं. विहिरीच्या काठावर तांबड्या रंगाची खूण करून ठेवायची, दर वेळी तिथूनच टेप सोडायची. भांडं खाली जाताना कडेच्या दगडाला लागून किणकिणतं, पारवे फडफडून वर येतात, आणि मग पाण्याला टेकलं की आवाज येतो: डुबुक. दोन वेळा उचलून पुन्हा टेकवायचं, डुबुक, डुबुक, आणि खुणेवरचा आकडा वाचायचा. मीटरमध्ये वाचला की शेजारी उभा असलेला माणूस विचारणार, "म्हंजे किती परस?" पुरुषभर उंची म्हणजे एक परस. विहिरीची खोली तिकडे अजूनही जुनी माणसं परसातच सांगतात. आठ परसाची विहीर म्हटलं की डोळ्यांपुढे एकावर एक उभी राहिलेली आठ माणसं येतात आणि खोली नीट कळते. मीटरने ती कळत नाही, हे मी बाहेरच्या सभांत कधी बोलले नाही.

सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आम्ही तेच महिने धरले आणि त्या अकरा विहिरींची वही सुरू केली. पहिली काही वर्षं लोक हसायचे. देवळासमोरच्या विहिरीवरच्या एका आजींनी तर विचारलं होतं, "रोज आजाऱ्याचा ताप बघून ताप उतरतो व्हय गं?" आजी, उतरत नाही. पण ताप आहे हे तरी कळतं.

मोजायची सवय आमच्या घरातलीच म्हणायची. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात कामावर हजेरी घेणारे कारकून होते. मी आठ वर्षांची. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, घमेल्यात झोपवलेली तान्ही पोरं, दुपारी वाटली जाणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या, चिवट भाकरी. वडील संध्याकाळी मस्टर घेऊन बसत आणि कंदिलाच्या उजेडात एकेक नाव तपासत. एक आडवी रेघ चुकली तर एका घराची भाकरी चुकते, असं म्हणायचे. त्या दुष्काळातल्या कामांवर ऐन भरात जवळपास ५० लाख माणसं होती असं पुढे वाचलं. मला आठवतात त्या वडिलांच्या मस्टरवरच्या शाईच्या रेघा. त्याच कामांतून राज्यभर पाझर तलाव झाले, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा आला. काम मागायचा हक्क महाराष्ट्राने दुष्काळातून शिकून कायद्यात लिहिला. पाणी मागायचा हक्क तसा कुणी लिहिला नाही.

लिहिला नाही म्हणते, पण एका माणसाने करून पाहिला होता. नोकरीला लागल्यावर आम्हा नव्या लोकांना पुरंदर तालुक्यातल्या नायगावला नेलं होतं. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर आणि उद्योजक. बहात्तरच्या दुष्काळात तिकडे गेले, देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तिथेच राहून बांधबंदिस्ती केली. ते काम पाहून आम्ही फार भारावलो नव्हतो. चर, बांध, विहीर हे आम्हीही शिकत होतो. भारावलो ते त्यांच्या पाणी पंचायतीच्या नियमांनी. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसाच्या मापाने वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. आणि ऊस नाही. सांगायला चार ओळी, पण त्या चार ओळींनी मालकी नावाच्या गोष्टीला हात घातला होता. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांचं नाव प्रत्येक पाणी परिषदेत निघतं. त्यांचे नियम आपल्या गावात लावू म्हणणारे सरपंच मला बोटांवर मोजण्याइतकेही भेटले नाहीत, आणि मी सरपंच पुष्कळ पाहिले.

हिवरे बाजारचंही तसंच. लोक बसगाड्या भरून तिथे जातात, टेकडीवरचे चर आणि हिरवी झाडं पाहतात, फोटो काढतात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तिथपासूनची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण तिथली पाहण्यासारखी गोष्ट फोटोत येत नाही. ते गाव पावसाळा संपला की बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं: किती पडला, किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरेल त्यात रब्बीला काय घ्यायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. चर तीन महिन्यांत खणून होतात. हे 'नाही' टिकवायला तीन तपं लागतात.

माझ्या गावात, म्हणजे ज्याला मी माझं म्हणते त्या गावात, तलाव फसला तरी बाकीचं काम फसलं नव्हतं. ए-फ्रेम, म्हणजे समपातळी शोधायची साधी चौकट, घेऊन बायकांनी टेकडीवर समतल रेषा आखल्या, माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर काढले, चराईबंदी पाळली. पाच-सहा वर्षांत विहिरींची पातळी वहीत वर सरकताना दिसायला लागली. २००१-०२ च्या सुमारास मे महिन्यातही अकरापैकी सात विहिरींत डुबुक ऐकू आलं. मी ते वाक्य अहवालात टाकलं, अहवाल पुढे गेला, पाहुणे आले.

मग बोअरची गाडी आली. पाणी वर आलंय म्हटल्यावर ते आणखी खाली शोधायची गरज काय, असं आपल्याला वाटेल. पण पाणी दिसलं की हिंमत वाढते आणि बँकही कर्ज देते. आधी पाणाड्या यायचा, तळहातावर नारळ ठेवून शेतातून चालायचा, नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची खूण. त्याच्यावर मी कधी रागावले नाही. तो चुकला तर लोक त्याला पुढच्या वर्षी बोलवत नाहीत. माझ्या पेशात एवढीही शिक्षा नाही. पण दीडशे फुटांवर 'दोन इंची पाणी' लागलं की शेजारी दोनशे फूट जायचा, त्याच्या शेजारी तीनशे. २००९ चा भूजल कायदा साठ मीटरच्या खाली जायला मनाई करतो. गावात रात्री दहाला सुरू झालेलं मशीन पहाटे थांबतं, आणि साठ मीटर कुठे संपले ते अंधारात कुणाला दिसत नाही.

त्यानंतर आली शेततळी. हा शब्द ऐकला की शहरातल्या माणसाला वाटतं पावसाचं पाणी साठवतात. तीस बाय तीस मीटरचा खड्डा, तळाला काळा प्लास्टिकचा कागद, म्हणजे एक थेंब जमिनीत जाणार नाही. आणि तो भरायचा कशाने? आमच्याकडे बहुतेकांनी विहिरीच्या पाण्याने भरला. ऑक्टोबरात सगळ्यांच्या जमिनीखाली असलेलं पाणी मोटर लावून वर काढायचं, उन्हात पसरून ठेवायचं, त्यातलं काही वाफ होऊन जाऊ द्यायचं, आणि उरलेलं एका कुटुंबाच्या डाळिंबाला द्यायचं. डाळिंब वाचतं, खोटं कशाला बोलू. ज्याने हे केलं त्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याने काढलं नसतं तर शेजाऱ्याने काढलंच असतं. वहीतल्या ऑक्टोबर आणि जानेवारीच्या आकड्यांतलं अंतर त्या वर्षांत एकदम रुंदावलं. अकरा विहिरींतलं पाणी सात शेततळ्यांत जाऊन बसलं होतं. आम्ही अडवलेलं पाणी चोरीला गेलं नाही, नुसतं ज्याची मोटर मोठी त्याच्याकडे गेलं.

२०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आलं आणि नाल्यांत जेसीबी उतरले. काही गावांना फायदा झाला, तो मी पाहिलाय. पण आमचा सगळा जन्म 'माथा ते पायथा' घोकण्यात गेला, आणि इथे काम पायथ्यापासून सुरू, कारण माथ्यावरचे चर फोटोत दिसत नाहीत आणि मशीनला तिथे चढताही येत नाही. नाला खोल करता करता मुरूम संपून मांजऱ्या खडक लागला तरी बकेट थांबेना. तो सच्छिद्र मांजऱ्याच तर पाणी धरून ठेवतो. तो उघडा पाडला की विहिरीत यायचं पाणी नाल्यात येऊन उन्हात बसतं. एका बैठकीत मी हे बोलले. "मॅडम, तुमच्या तलावाचं काय झालं?" असं एकाने शांतपणे विचारलं. मी खाली बसले. बरोबर होतं त्याचं. तरी मांजऱ्याबद्दलचं माझंही बरोबरच होतं.

हवामान बदल हा शब्द आमच्या कामात साधारण याच सुमारास शिरला. आधी आम्ही दुष्काळ म्हणायचो, मग पाणलोट म्हणायला लागलो, आता क्लायमेट. निधी ज्या शब्दाला मिळतो तो शब्द संस्थेला आधी ऐकू येतो, आणि मीही त्यातलीच. एक पत्रक काढायचं काम माझ्याकडे आलं. वरून आलेल्या मसुद्यातल्या मुख्य शब्दाला, 'अॅडॅप्टेशन'ला, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याला, मी प्रतिशब्द घातला 'अनुकूलन'. हजार प्रती छापल्या. गावात वाचून दाखवलं तेव्हा एका बाईंनी विचारलं, "अनुकूल म्हंजे तिथी का वो? पाऊस पडायला मुहूर्त बघायचा?" सगळ्या हसल्या. मग मी पत्रक बाजूला ठेवलं आणि नक्षत्रं विचारली. त्यानंतर दोन तास कुणी थांबेना. मृगात पेरणी धरत नाही आता. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस दोन्ही नुसते शिंतडून जातात. पूर्वी हत्तीचा पाऊस म्हणजे रब्बीची ओल. आता तो कांद्याचं रोप सडवून जातो. पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती, अशी म्हण होती; आता स्वातीत पडला तर काढून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब. पुनर्वसू आणि पुष्य मिळून तीन आठवड्यांचा खंड, आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. त्यांनी मला जे सांगितलं तेच पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ आकड्यांत मांडत होते. मध्य भारतात दूरवर एकाच वेळी कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढला, असं रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं. हवा एक अंश तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. थांबली तर जास्त वेळ थांबते, ओतली तर जास्त ओतते.

पाणलोटाचं आमचं सगळं गणित सरासरीवर उभं होतं. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या गावावर पाचशे मिलिमीटर पडला तर पाचशे कोटी लिटर. हा आकडा मी शेकडो ग्रामसभांत फळ्यावर लिहिला, शून्यं मोजताना लोकांचे डोळे मोठे व्हायचे. पण ते पाचशे मिलिमीटर चाळीस दिवसांत आले तर मुरतात, सहा दिवसांत आले तर बांध फोडून जातात. सरासरी दोन्हींची एकच.

म्हणून शेवटच्या दहा वर्षांत मी ज्यासाठी भांडले ती गोष्ट अगदी किरकोळ दिसते: पर्जन्यमापक. पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या ठिकाणी, आणि एका मंडळात कितीतरी गावं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी, मग पंचनामे, मग भरपाईची शक्यता. आमच्या गावावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि मंडळाच्या मापकात चाळीस पडला, तर सरकारी कागदावर आमच्याकडे काही घडलेलंच नसतं. वाहून गेलेली माती बांधावर उभी राहून बघायची आणि कागद म्हणतो मध्यम पाऊस. हे घेऊन मी किती दालनांत बसले असेन. गावागावात मापक बसवा. चहा यायचा, "मुद्दा रास्त आहे" यायचं. परिषदांमध्ये मला 'क्लायमेट'वर बोलायला बोलवत, मी पर्जन्यमापकावर बोले, आणि संयोजकांचा चेहरा पडे. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर होता, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाडीला फुलं वाहिली होती. मापकाला कोण फुलं वाहणार?

आता माझ्याच घरचं सांगते. पुण्याच्या पूर्वेला ज्या सोसायटीत मी राहते तिथे मार्चपासून टँकर लागतात. छत्तीस वर्षं मी लोकांना पाणी अडवायला सांगितलं आणि माझ्या घरात ते चाकांवरून येतं. छतावरून पावसाच्या पाण्याचा पाइप आहे. नव्या घरी आले त्याच आठवड्यात त्याचं दुसरं टोक शोधत गेले. ते जास्वंदीच्या वाफ्यात संपलेलं निघालं, खाली खड्डा नाही, बोअर नाही, काही नाही. दाखल्यासाठी पाइप लागतो, पाण्यासाठी लागत नाही. मी बैठकीत विषय काढला. कार्यकारिणीतल्या एकाने अत्यंत आदराने विचारलं, "मॅडम, तुम्ही पाण्यातल्या आहात, तर एखादा स्वस्त टँकरवाला ओळखीचा असेल ना?" चार वर्षांनी तो पाइप एका शोषखड्ड्याला जोडला गेला. खड्डा खणताना मी तिथे उभी होते आणि खाली कुठला दगड लागतोय ते वाकून बघत होते. वॉचमनला वाटलं, माझं काहीतरी पडलंय.

मेमधला फोन आला त्या दिवशी गावी जाणं जमलं नाही. गेले ती ऑक्टोबरात, वहीचा दिवस होता म्हणून. मधल्या सप्टेंबरात मराठवाड्यात, सोलापुरात पुराने हाहाकार केला होता. सीनेच्या काठाने उभी पिकं आणि त्याखालची मातीही गेली. पारनेरच्या या कोपऱ्यात तेवढं झालं नव्हतं, पण गाव चिंब होतं. विहिरींना इतकं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. देवळासमोरच्या विहिरीत टेप सोडायची गरजच नव्हती. वाकून भांडं हाताने टेकवलं. ज्यांनी ताप मोजण्याबद्दल विचारलं होतं त्या आजी आता नाहीत, त्यांची नातसून बघत होती. "यंदा कशाला मोजता ताई? भरल्यात की समद्या." मी म्हटलं, भरलेलीही लिहायची असते. संध्याकाळच्या ग्रामसभेला ताळेबंदासाठी नऊ माणसं आली. पाणी भरपूर म्हटल्यावर कमी पाण्यावर येणाऱ्या हरभऱ्याची गोष्ट कोण ऐकतो. कांदा, सगळीकडे कांदा, आणि त्याला पाण्याच्या दहा-बारा पाळ्या. एकाने उसाचंही नाव काढलं, अर्धवट हसत, माझ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेले. काळ्या दगडांची रांग पाण्याच्या खाली, दिसतच नाही. काठावर मेंढरं. मला ती रांग दाखवणाऱ्या धनगर बाबांचा नातू असावा, डोक्याला मुंडासं नव्हतं, टोपी होती, कानात इअरफोन. गेली तीस वर्षं आसपासच्या धनगरांचा हा हक्काचा पाणवठा आहे. झिरपत नाही म्हणून उन्हाळ्यापर्यंत टिकतो. मी काही बोलले नाही. हा पाणवठा मी ठरवून केलेला नव्हता.

परत येताना शाळेच्या आवारात थांबले. तिथे आम्ही बसवलेला साधा प्लास्टिकचा पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला सातवीतल्या दोघी मुली पाणी मोजतात आणि वहीत लिहितात, रविवारीसुद्धा. सप्टेंबरातल्या एका तारखेसमोर ९१ लिहिलं होतं. मंडळाच्या मापकात त्याच दिवशी ५८. कांद्याची रोपं गेलेले पंधरा-वीस शेतकरी अर्ज घेऊन बसले होते, आणि त्यांना त्या वहीच्या पानाची प्रत अर्जाला जोडायची होती. सोबत कुणा जाणकाराची सही हवी, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. पोरींच्या वहीला कचेरीत कितपत किंमत मिळेल, मला कल्पना होती. त्यांनाही असावी.

मी सही केली. खाली नाव, मग पदनाम. पेन थांबलं. मग लिहिलं, निवृत्त भूशास्त्रज्ञ. मेमध्ये फोन करणारा तो पोरगा वाचत उभा होता. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि, तालुक्याला नीट कळावं म्हणून, शेजारी कंसात आणखी दोन शब्द घातले: तलाववाल्या मॅडम.